आकडा स्थिर नाही

१

दर सोमवारी सकाळी मी प्रोब धुवायला बसते. चर्चची पायरी न चढणाऱ्या बाईने निदान एवढा तरी नेम पाळावा, असं आमच्या मालकीणबाई, दोन्या आउरिस्तेला, नेहमी म्हणतात. लॅब त्यांची आहे, पगार त्या देतात, म्हणून मी ऐकून घेते. एरवी माझं तोंड कुणापुढे बंद राहत नाही, हे सान पाब्लोच्या अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक आहे.

लॅब म्हणजे कोळंबीच्या पिल्लांची. समुद्राचं पाणी ओढून घ्यायचं, गाळायचं, मोठमोठ्या टाक्यांत भरायचं आणि त्यात डोळ्याला जेमतेम दिसणारी पिल्लं वाढवून तळीवाल्यांना विकायची. टाक्यांची खोली काळ्या प्लास्टिकने झाकलेली असते. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत अंधार, आणि उकाडा असा की दोन मिनिटांत कपडे अंगाला चिकटतात. टाक्यांत हवा सोडणारा ब्लोअर सतत घरघरत असतो. तो थांबला तर पिल्लं मरतील, म्हणून तो कधी थांबत नाही, आणि कधी थांबत नाही म्हणून आम्हाला तो ऐकूही येत नाही.

त्या खोलीत माझा थोरला भाऊ एर्मेल काम करायचा. मी त्याला न्यान्यो म्हणायची, तो मला न्यान्या. आमच्याकडे भावाबहिणीत हीच हाक चालते. आईबाप गेल्यापासून आम्ही दोघंच एका घरात होतो. तरुणपणी तो पाणबुड्या होता. होडीवर जुनाट कॉम्प्रेसर, त्याला लांबलचक नळी, आणि नळीचं टोक दातांत धरून हा तळाशी शेवंडं पकडायला. त्या कॉम्प्रेसरचा धूर वर्षानुवर्षं त्याच्या छातीत गेला. आता त्याला बोलतानाही दम लागायचा. श्वास आत जाताना शिट्टीसारखा आवाज, बाहेर येताना मध्येच एक अडखळ, मग खोकला. आमच्या घरातली भिंत बांबूची, त्यामुळे तो आवाज मला पाठ झाला होता. तो ऐकू आला की मला झोप लागायची. एखाद्या दिवशी तो ऐकूच येणार नाही, या एकाच गोष्टीला मी घाबरत होते.

तर, सोमवार. प्रत्येक टाकीत एक प्रोब बुडवलेला असतो. पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्काकडे, म्हणजे त्याचा पीएच किती, हे तो सांगतो. भिंतीवरच्या छोट्या डबीतून तो आकडा माझ्या खोलीतल्या पडद्यावर येतो. सॉफ्टवेअर फुकटचं आहे. जगातल्या कुणीतरी हौसेने लिहिलं, दुसऱ्या कुणीतरी सुधारलं, कुणीही उघडून आतलं वाचावं. दोन्यांनी दुसरं काही घेऊच दिलं नसतं. प्रोब मात्र विसराळू असतात. त्यांना अधूनमधून आठवण करून द्यावी लागते. पिवळ्या द्रावणाचा पीएच नेमका सात असतो. त्यात प्रोब बुडवायचा, आकडा एका जागी थांबला की 'हे सात' असं यंत्राला सांगायचं, की झालं.

त्या सोमवारी चार नंबरचा आकडा थांबेना. पडद्यावर सारखी तीच ओळ येत होती. 'आकडा स्थिर नाही. वाट पाहा.'

एर्मेल दारात येऊन उभा राहिला, चौकटीला टेकून. "काय गं, तुझ्या यंत्राला माझ्यापेक्षा जास्त दम लागलाय वाटतं."

"तू गप्प बस आणि पिल्लांना खायला घाल," मी म्हटलं.

२

पहिल्यांदा मी द्रावणाला दोष दिला. नवीन पाकीट फोडलं, नवीन पाण्यात विरघळवलं. तेच. मग प्रोबला दोष दिला आणि दोन नंबरचा चांगला प्रोब चारला लावला. तेच. मग विजेला दोष दिला. पाण्यातल्या पंपाची किंवा हीटरची वीज पाझरते आणि आकडा नाचवते, हे आमच्या धंद्यात रोजचंच आहे. मी चारच्या आसपासचं सगळं बंद केलं. ब्लोअर तेवढा राहिला, त्याला हात लावायची टाप नव्हती.

आकडा नाचत नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. विजेने आकडा नाचतो तेव्हा रेघ करवतीच्या दातांसारखी होते. ही रेघ संथ होती. हळूहळू वर जायची, क्षणभर टेकायची, खाली यायची, खाली येताना मध्येच एक खळगा पडायचा. पुन्हा वर. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले आणि मला गुंगी यायला लागली.

मग मी प्रोबच काढून टाकला. डबीच्या तोंडात नुसती एक वाकवलेली तार घातली. अशी तार घातली की यंत्राला काहीच दिसत नाही आणि ते निमूट सात दाखवतं. आंधळ्या यंत्राने सात सोडून दुसरं काही दाखवायचं कारणच नाही. मी माझ्या खोलीत परत आले आणि पडद्याकडे बघितलं.

रेघ वर गेली, टेकली, खाली आली, अडखळली.

मग राग आला, कारण मला घाबरण्यापेक्षा रागावणं सोपं जातं. मी चारची डबी उपटून दोन नंबरच्या खुंटीवर लावली आणि दोनची चारवर, दोन्हींत नुसती तार. चारची डबी दोनच्या जागी शहाण्यासारखी सात दाखवायला लागली. दोनची डबी चारच्या जागी गेली आणि तिची रेघ हलायला लागली. म्हणजे दोष डबीचा नव्हता, प्रोबचा नव्हता, द्रावणाचा नव्हता. दोष त्या जागेचा होता. पण जागा कशी दुरुस्त करायची, हे कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं.

"दोन्या, चार नंबर आज होत नाही," मी सांगितलं.

दोन्या आउरिस्तेला हातात जपमाळ आणि कानाला मोबाईल, अशा एकाच वेळी देव आणि गिऱ्हाईक सांभाळतात. त्यांनी मोबाईलवर तळवा ठेवला. "बुधवारी सकाळी तळीवाले यायचेत. ते पडदा बघितल्याशिवाय पिल्लाला हात लावत नाहीत. रेघ वेडीवाकडी दिसली तर म्हणतील पाणी बिघडलंय. मला काही सांगू नकोस, नेल्वा. मला सपाट रेघ दाखव."

३

त्या सॉफ्टवेअरची इंटरनेटवर एक चावडी आहे. कुणाचं काही अडलं की तिथे मांडायचं, आणि जो जागा असेल तो उत्तर देतो. मी रेघेचं चित्र टाकलं, काय काय करून बघितलं ते लिहिलं, तारेचंही लिहिलं. शेवटी लिहिलं, 'तार नीट बसवली का, असं विचारणाऱ्याला उत्तर मिळणार नाही.'

दुपारच्या जेवणापर्यंत एकच उत्तर आलं होतं. चिलीमधल्या वाल्दिव्हियाचा कुणी फाउस्तिनो. तो याच सॉफ्टवेअरवर पाण्यात लेट्यूस वाढवतो, आणि नोकरी म्हणून इस्पितळातली श्वासाची यंत्रं दुरुस्त करतो.

त्याने लिहिलं होतं, 'ताई, तुमच्या यंत्रात बिघाड नाही. अशा रेघा मी रोज बघतो. हा श्वास आहे. वर जाते तेव्हा माणूस श्वास घेतोय, खाली येते तेव्हा सोडतोय. मधला तो खळगा छाती खराब झालेल्या माणसाचा असतो. प्रोब कुणाच्या तोंडाजवळ राहिलाय का? तसं असेल तर यंत्र राहू द्या, आधी त्या माणसाला डॉक्टरकडे न्या.'

मी मोठ्याने हसले. लेट्यूसवाल्याने सुचवलं ते सुचवलं, वर मला ताई म्हणाला. पण हसून झाल्यावर मी मोबाईल उचलून बाहेर आले.

ओट्यावर टांगलेल्या झोळीत एर्मेल झोपला होता. मासळीचं सूप पिऊन झालं की तो अर्धा तास तिथे पडायचा. मी मोबाईलवर चारची रेघ उघडली आणि त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसले. वेडेपणाच होता, पण बसले.

त्याच्या छातीतून शिट्टी वाजली. रेघ वर गेली. तो थांबला. रेघ टेकली. श्वास बाहेर येताना अडखळला, आणि माझ्या हातातल्या मोबाईलवर रेघेला खळगा पडला. योगायोग म्हणून मी पुन्हा बघितलं. मग पुन्हा. मग त्याला झोपेत खोकल्याची उबळ आली, आणि पडद्यावर रेघ बारीक बारीक तुटत गेली, आणि तो निवला तेव्हा तीही निवली.

टाकी चार नंबर भिंतीपलीकडे होती. डबीत नुसती तार होती.

"काय बघतेयस?" त्याने डोळे न उघडताच विचारलं.

"काही नाही. घोरतोस."

"तू घोरतेस तेव्हा मी मोबाईल घेऊन बसतो का?"

४

मी हुशार बाई आहे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती. ब्लोअरची हवा खोलीत फिरते, एर्मेल तिथेच वावरतो, त्याच्या खोकल्याने जमीन हादरत असेल, तार कुठेतरी सैल असेल. शंभर कारणं असतात. तो लांब गेला की रेघ थांबेल.

तो मंगळवारी लांब जाणारच होता. ला लिबर्तादला एका डॉक्टरणीकडे त्याची वेळ होती. दोन्यांनी त्यांचा ट्रक आणि ड्रायव्हर दिला. जाताना त्याने मला खिडकीतून सांगितलं, "ती बाई म्हणेल ऑक्सिजनची टाकी घरी ठेवा. मी नाही म्हणणार. तू मागून फोन करून हो म्हणू नकोस."

"मी हो म्हणणार."

"म्हणून तर आधीच सांगतोय."

ट्रक वळणावर दिसेनासा झाला. मी धावतच पडद्यापाशी गेले. रेघ चालू होती. वर, टेकण, खाली, खळगा. मी थांबले. ट्रक सांता एलेनाच्याही पुढे गेला असेल, रेघ चालूच होती. मी टाक्यांच्या खोलीत गेले, चार नंबरसमोर अंधारात उभी राहिले. टाकीत पिल्लं होती, पाणी होतं, बुडबुडे होते. मी टाकीच्या काठावर हात ठेवून पुटपुटले, "न्यान्यो?" आणि लगेच स्वतःची इतकी लाज वाटली की मागे फिरले. खोलीत येऊन बघितलं तर रेघेत एक जागा रिकामी दिसत होती. मी बोलले असेन त्या सुमाराला तिने क्षणभर श्वास रोखला होता.

मी त्याला फोन लावला. तो डॉक्टरणीच्या दाराबाहेर बसला होता. "अजून नंबर आला नाही," तो म्हणाला आणि खोकायला लागला. फोनमध्ये तो खोकत होता आणि माझ्यासमोर रेघ खोकत होती. मी फोन ठेवून दिला.

मला ती बघवेना. हेच खरं आहे, दुसरं कारण शोधायला नको. शिवाय दारातून दोन्यांचा आवाज येत होता, उद्या सकाळी माणसं येणार, आज काय ते कर.

आमच्या धंद्यात एक वाईट सवय आहे. आकडा थांबत नसेल आणि गिऱ्हाईक दारात असेल, तर यंत्राला दटावायचं. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे, एका कोपऱ्यात लपवलेली. आकडा स्थिर नसला तरी 'हे सातच आहे, मुकाट्याने मान' असं सांगता येतं. किनाऱ्यावरची प्रत्येक लॅब हे करते आणि प्रत्येक जण शपथेवर नाही म्हणतो. त्याने खरं तर रेघ सपाट होत नाही. ती आहे तशी उचलून वर किंवा खाली सरकते, हलायची तेवढी हलतेच. मला फक्त काहीतरी दाबायचं होतं, हाताला काम हवं होतं.

मी तार काढून चारला पुन्हा प्रोब लावला, तो पिवळ्या द्रावणात ठेवला, खोलीत आले, रेघ वर जाऊन टेकली तेवढ्यात दाबलं.

रेघ तिथेच थांबली. सपाट झाली. सात, सात, सात. नुसतं एक बटण दाबून असं होत नाही, हे मला माहीत होतं. मी खुर्चीत मागे टेकले, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

फोन वाजला. एर्मेल होता. "न्यान्या, तुझा फोन मध्येच का तुटला? ऐक ना. माझा खोकला थांबला. असा एकदम थांबला, कुणी हात ठेवल्यासारखा."

५

तो परत आला तेव्हा ट्रकमधून उडी मारून उतरला. गेल्या कित्येक वर्षांत मी त्याला उडी मारताना बघितलं नव्हतं. दोन्यांनी दोन्ही हात आकाशाकडे केले. त्यांनी त्याच्यासाठी नवस बोलला होता, तो फळाला आला, असं त्यांनी पुढचा तासभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं.

"डॉक्टरीण काय म्हणाली?" मी विचारलं.

"छातीत काही आवाजच नाही म्हणाली. कानातली नळी बदलून बघितली तिने, मग दुसऱ्या बाईला बोलावलं, तिनेही बघितलं. नाडी उत्तम. म्हणाली पुढच्या आठवड्यात या, फोटो काढू. मी म्हटलं, आवाज नाही तर फोटो कशाला?"

आम्ही जेवायला बसलो. तळलेल्या केळ्याचे काप होते, मासळी होती. तो बोलत होता, आणि मी त्याला इतकं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं, कारण एरवी दोन शब्दांनंतर त्याला थांबावं लागायचं. "आणि ट्रकमध्ये तो ड्रायव्हर मला सांगत होता की त्याच्या सासऱ्याचंही असंच झालं होतं आणि त्याला कुणीतरी कोरफड खायला सांगितली आणि मी त्याला म्हटलं की कोरफड मी खाल्ली आहे आणि कासवाचं तेलही प्यायलोय आणि आमच्या नेल्वाने मला काय काय पाजलंय ते तिचं तिलाच आठवत नसेल आणि तो इतका हसला की गाडी जवळजवळ खड्ड्यात घातली आणि मी म्हटलं बाबा आत्ताच बरा झालोय जरा घरी तरी जाऊ दे—"

दोन्या हसत होत्या. मीही हसत होते. मग माझं हसू विरलं. तो बोलतच होता. कुठेही न थांबता. वाक्य संपल्यावर माणूस थोडा थांबतो, तेवढाही नाही. त्याची छाती फुगलेली होती, शर्टाची बटणं ताणलेली होती, आणि ती हलत नव्हती.

मी त्याच्या ताटाकडे बघायला लागले.

बुधवारी तळीवाले आले, त्यांनी सपाट रेघ बघितली, मान डोलावली. एर्मेलने त्यांच्यासमोर पाण्याचे भरलेले पिंप एकट्याने उचलले. "हा माणूस आजारी होता ना?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं.

"होता," दोन्या म्हणाल्या.

दुपारी तो झोळीत झोपला. मी स्टूल घेऊन बसले आणि त्याच्या छातीवर अलगद हात ठेवला. आत काळीज ठोकत होतं, शांत, व्यवस्थित. छाती मात्र पिंपासारखी भरलेली आणि घट्ट होती. मी नाकापाशी बोट धरलं. काहीच नाही. मी वाट बघितली. माझा स्वतःचा श्वास कितीदा तरी आत गेला आणि बाहेर आला. मला ओरडायचं होतं, पण कुणाला हाक मारणार होते? जग म्हणत होतं तो बरा झाला.

६

शुक्रवारी सकाळी तोच माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं. आमच्यात दार लावून बोलायची पद्धत नाही.

"न्यान्या, एक विचारू? हसायचं नाही."

"नाही हसत."

"पिल्लांना खायला घालताना मी शीळ घालतो ना, आज घालायला गेलो. तोंडातून काही आलंच नाही." तो स्टुलावर बसला. "आणि दुसरं म्हणजे, तू कधी पाण्याखाली गेली नाहीस, तुला कसं सांगू? नळीतून हवा यायची बंद झाली की आपण शेवटचा घोट छातीत धरून ठेवतो. सोडायचा नाही, वर येईपर्यंत सोडायचा नाही. मला मंगळवारपासून तसं वाटतंय. वर यायचं राहून गेल्यासारखं."

"दुखतं का?"

"दुखत नाही. भूक लागते, झोप लागते, ताकद आहे. फक्त सोडता येत नाही."

मी म्हटलं, "श्वास घे बघू."

डॉक्टरसमोर लहान मूल घेतं तसा त्याने खांदे वर करून प्रयत्न केला. काही झालं नाही. मग त्याने तोंड उघडलं, मान पुढे काढली, पोट आत ओढलं. काही झालं नाही. तोपर्यंत त्याला खरंच कळलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरू शकत नाही. समुद्रात अनेक जण बुडताना त्याने बघितले होते, त्याला त्या चेहऱ्याची ओळख असणार.

मग मी त्याला सगळं सांगितलं. रेघ, फाउस्तिनो, फोनवरचा खोकला, दटावणं. पडदा त्याच्याकडे वळवला. चार नंबर, सात, सपाट.

त्याने रेघेवर बोट ठेवलं. "हा मी?"

"मला माहीत नाही रे. मी फक्त बघते, मला त्यातलं काही माहीत नाही."

"आणि तू त्याला गप्प बस म्हणालीस."

"हो."

"घरात मलाही तेच म्हणतेस," तो म्हणाला, आणि किंचित हसला. "मग आता सोड त्याला."

मी माऊसवर हात ठेवला नाही. हात मांडीखाली दाबून धरला. "न्यान्यो, ऐक. सोडलं आणि पुन्हा आधीसारखं झालं तर खोकला येईल, ऑक्सिजन लागेल. ते मी करेन, तू कितीही नाही म्हण. पण तसं झालं नाही तर? तू आत्ता चालतोस, जेवतोस, पिंप उचलतोस. कुणाला काय कळतंय? मी कुणाला सांगणार नाही. राहू दे ना असंच. माझ्यासाठी राहू दे."

मी रडत होते, आणि रडताना माझा श्वास हुंदक्यांनी तुटत होता, आणि एर्मेल माझ्या त्या तुटक श्वासाकडे इतक्या असूयेने बघत होता की मला रडणं आवरावं लागलं.

"नेल्वा," तो म्हणाला. नावाने तो मला क्वचित हाक मारायचा. "माणूस किती वेळ खाली राहणार? मला वर घे."

मी दिलेली आठवण पुसून टाकायची, अशी एक आज्ञा आहे. मी ती दाबली. यंत्राने विचारलं, 'खात्री आहे?' मी एर्मेलकडे बघितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मान हलवली. मी पुन्हा दाबलं.

आधी आवाज आला. माझ्या मागून, कानाजवळून, एक लांब सुस्कारा. आत कोंडलेलं सगळं हळूहळू बाहेर पडत होतं, मध्येच अडखळलं, पुन्हा सुटलं. माझे केस त्याने हलले. पडद्यावर रेघ तितक्याच सावकाश खाली येत होती. सातवरून सुटली, खाली आली, खळगा पडला, आणखी खाली आली. माझ्या खांद्यावरच्या हाताची पकड सैल झाली. केवढं बरं वाटलं असेल त्याला, असं माझ्या मनात आलं.

रेघ तळाला टेकली. माझा जीव डोळ्यांत आला. वर ये, मी म्हणत होते, वर ये, वर ये. आणि रेघ वर आली. शिट्टी वाजत असावी तशी बारीक थरथरत वर आली, टेकली, खाली गेली, अडखळली, पुन्हा वर आली.

"न्यान्यो, आला, आला बघ," मी म्हणाले आणि आनंदाने मागे वळले.

त्याचा हात माझ्या खांद्यावरून घसरून खाली लोंबला. तो स्टुलावर बसलेलाच होता, भिंतीला टेकून. तोंड उघडं होतं, छाती रिकामी होऊन आत गेली होती. मी त्याला हलवलं, जमिनीवर आडवं केलं, त्याच्या तोंडात माझी हवा फुंकली. किती वेळ फुंकत होते कोण जाणे. दोन्या आल्या, त्यांनी मला धरून मागे ओढलं. तेव्हा माझी नजर पडद्यावर गेली.

रेघ चालू होती.

७

फोटो काढायचा राहिला, असं डॉक्टरीण फोनवर म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं. एर्मेलला आम्ही सान पाब्लोच्या टेकडीवर पुरलं, समुद्र दिसतो तिथे. सगळं गाव आलं होतं. मी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला होता. दफन चालू असताना एकदाच सरळ केला.

चार नंबरमध्ये आता पिल्लं ठेवत नाहीत. दोन्यांनी पाद्री बोलावले, त्यांनी टाकीवर पवित्र पाणी शिंपडलं, दोन्यांनी हट्टाने डबीवरही शिंपडायला लावलं. काही फरक पडला नाही. दोन्या म्हणतात, "बंद कर ते, नेल्वा, बाई, मी तुझ्या पाया पडते." मी त्यांचं बाकी सगळं ऐकते. सोमवारी बाकीचे प्रोब धुते, आठवण करून देते, चारला हात लावत नाही. वीज गेली तर डबी बंद पडू नये म्हणून तिला ट्रकची बॅटरी जोडून ठेवली आहे.

फाउस्तिनोने चावडीवर विचारलं होतं, 'तो माणूस कसा आहे?' मी बराच विचार केला आणि लिहिलं, 'आहे.'

झोपताना मोबाईल उशाशी ठेवते. आवाज येत नाही, नुसती रेघ दिसते, पण सवय होतेय. काल दुपारी समुद्रावरून गार वारा सुटला आणि रेघ खोकायला लागली. थांबेचना. मी जेवण तसंच टाकून उठले, टाक्यांच्या खोलीत गेले आणि चार नंबरच्या बाजूचं प्लास्टिक खालपर्यंत ओढून नीट बांधलं.